मामंजी ‘जातो’ म्हनालं तवा

त्या दिशी सांगलीच्या दवाखान्यात डाक्टरांम्होरं आमी चौघं व्हतो. माजं सासरं, त्येस्नी मी मामंजी म्हनायची, माजं मालक, मामंजींची लेक अक्का, आनि मी. आता त्यातलं कोन बी न्हाई. मी तेवडी हाय, म्हनून सांगतीया. नात लिवून घेतीया.

मामंजींच्या छातीचा फोटू काडला, रगत तपासलं. सगळं चांगलं निगालं. मग डाक्टरांनी खुर्ची मामंजींजवळ सरकवली आनि इचारलं, “आजोबा, जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?”

मालक दचकलं. “आवं डाक्टर, म्हाताऱ्या मानसाला असलं इचारू नगासा. नसलं ते डोक्यात भरंल.”

मामंजींनी मान खाली घातली. “व्हय,” म्हनालं, “लय दिस झालं.” पलटनीतनं पार इराकात, बसऱ्याच्या लढाईला जाऊन आल्यालं मानूस, पोरावानी रडलं.

डाक्टर म्हनालं, “विचारल्यानं हे डोक्यात शिरत नाही. ते आधीच आत असतं, विचारलं की बाहेर येतं. या आजाराला डिप्रेशन म्हणतात.” म्हंजी मन दबून जानं. ताप न्हाई, सूज न्हाई, पन आजार खरा.

तसं मामंजी लय गमत्या. पलटनीत शिकल्यालं म्हशीवर चालवायचं. “हाल्ट!” म्हनून वरडलं की म्हस थांबायची, आनि आमी बी थांबायचो. सासूबाई म्हनायच्या, “आवं, भाकरी थापू का सलूट ठोकू?” त्यो आवाज आजबी कानात हाय.

सासूबाई गेल्या. त्याच साली हिरीवर इंजन बसलं. मोट गेली, बैलं इकली. मालक बापाला मायेनं म्हनालं, “दादा, लय राबलासा. आता बसून खावा.” कोनी बी हेच म्हनलं असतं. पन बसून खानाऱ्याची भूकच गेली. पहाटंचं जागं व्हायचं, भितीकडं तोंड करून पडायचं. म्हशीला हाल्ट म्हनंनात. मग वस्तू वाटाया लागलं. घोंगडं शेजाऱ्याला, पानाची चंची अक्काला. गाव म्हनलं, म्हातारा देवाला लागला. बायका पाया पडून जायच्या. आमास्नी बी बरं वाटायचं.

येक दिशी दुपारी मी भाकरी थापत व्हते. मामंजी उंबऱ्यात आलं. “पोरी, जातो मी.”

आमच्यात घरातनं भाईर पडताना कोनी ‘जातो’ म्हनत न्हाई. शेजारी निगालं तरी मानूस ‘येतो’ म्हनतंय. पिठाच्या हातानंच त्येंचा हात धरला. “मामंजी, येतो म्हना.”

म्हनंनात. मी बी हात सोडला न्हाई. तशीच मालकास्नी हाक मारली. दुसऱ्या दिशी सांगलीची एसटी धरली.

दवाखान्यात ठिवून घेतलं. डाक्टर म्हनालं, “गोळ्या लगेच लागू पडत नाहीत. तोवर एकटं सोडू नका. आणि घरी नेल्यावर त्यांना काम द्या.”

अक्का नि मी पाळीपाळीनं बसायचो. खिडकीतनं बाजारातल्या हळदीचा वास यायचा. लय दिस काईच फरक न्हाई. मग येकदा मामंजी कप खाली ठिवून म्हनालं, “ह्यो च्या हाय का म्हशीच्या आंगुळीचं पानी?” अक्का हसता हसता रडली.

घरी आल्यावर मालकांनी उसाला पानी पाजायचं काम त्येंच्याकडं दिलं. पयल्या दिशी खोरं खांद्यावर टाकून निगालं, आनि उंबऱ्यात थांबलं. माजा हात भाकरीवरच ऱ्हायला.

“पोरी,” म्हनालं, “येतो.”

“कवा येताय?”

“त्ये इंजन बंद पडलं की. बैलाएवडी अक्कल न्हाई त्येला.”

म्होरं लय वर्सं जगलं. मदी येकदा गोळ्या परत घ्याव्या लागल्या. त्यात लाजायचं काय?

वाचनाऱ्यास्नी माजं येवडंच मागनं. घरातलं म्हातारं मानूस गप झालं, वस्तू वाटाया लागलं, तर नुसतं पाया पडू नगासा. जवळ बसा, सरळ इचारा, दवाखान्यात न्या. आनि तवर त्येचा हात सोडू नगासा.