सुमतीचं गाऱ्हाणं

सुमती गेल्याचा फोन आला तेव्हा मी आचऱ्याच्या बाजारात बांगडे ताजे की कालचे यावरून एका मासेवालीशी रंगात येऊन भांडत होतो. फोन तिच्या मोठ्या भावाचा, आबाचा. “सुमती गेली रे,” एवढंच म्हणाला. समोरची बाई ओरडत होती, “घेतंस की नाय?” आणि दशावतारात राजे नि राक्षस गाजवलेल्या मी ती सांगेल त्या भावाने बांगडे घेतले. सुमतीने वरून आधी बांगड्यांचंच विचारलं असतं.

आम्ही एका वर्गातले. ती पुढे दिल्लीला गेली, पर्यावरणाच्या धोरणांवर काम करून केस पांढरे झाल्यावर गावी परतली आणि बंद पडलेल्या भातगिरणीच्या माडीवर तिने अभ्यास केंद्र काढलं. किनारा, खारफुटी, मासेमारी, पर्यटन यांचा अभ्यास करायचा आणि सरकारने काय करावं ते सुचवायचं, हे तिचं काम. गावाला काही उलगडेना.

“सुमती माडयेर काय करता?”

“इचार करता.”

“आणि तेचो पगार गावता?”

हे मीच तिला साभिनय ऐकवलं. हसून हसून तिचा चहा सांडला.

पण खरी गंमत तिच्या नियमात होती. आमच्याकडे शुभकार्याला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सुमतीचा दंडक असा, की ज्या लोकांबद्दल अहवाल आहे त्यांच्यापुढे त्याचं सार गाऱ्हाण्यात मांडायचं. त्यांचा मनापासून ‘व्हय’ आला तरच तो सरकारकडे जाईल. गाऱ्हाणं घालायला अर्थातच मी. “बा देवा म्हाराजा, खारफुटी राखूचो ह्यो आराखडो सायबाच्या टेबलार अडकान पडलो आसा, तो मोकळो कर रे म्हाराजा!” एकदा मुंबईहून आलेले एक अधिकारी मागे बसले होते. त्या गजरात त्यांच्याही तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघालं! सुमती माझ्या कानात म्हणाली, “बगलंस? तोंडी मंजुरी.”

ती स्वतः खिडकीजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसायची. “आवाज खोटो आसलो तर डोळे मिटल्यावर कळता,” म्हणायची.

मग बंधाऱ्याचा विषय आला. दर्या किनारा खात होता आणि वाडीला दगडी बंधारा हवा होता. केंद्राच्या अभ्यासातून निघालं उलटंच. बंधाऱ्यापुढची वाळू वाहून जाईल, मग रापणीचं जाळं ओढायला जागा उरणार नाही आणि शेजारच्या वाडीचा किनारा ढासळेल. त्यापेक्षा केवडा, मरवेल लावून वाळूचे उंचवटे पुन्हा उभे करावेत. मी गाऱ्हाणं असं रंगवलं की देव उठून आला असता. लोक मात्र ‘व्हय’ म्हणायचं सोडून आबाकडे बघू लागले... कारण दर्याच्या तोंडावर पहिली बाग होती आबाची.

आबा उठला. “सुमती, बंधारो नको म्हणतंस, बरा. पन वाळू येवपर्यंत माझे माड दर्यात जातले. तेंचा नाव तुझ्या गाऱ्हाण्यात खंय आसा?” आणि जिना उतरून गेला.

केंद्रातले तरुण अभ्यासक म्हणाले, ताई, पुरावे पक्के आहेत, पाठवून देऊ. ती म्हणाली, “पाठवला तर अहवाल पुढे जाईल. गाव मागेच राहील.” आणि पुन्हा लिहायला बसली.

शेवटची भेट तिच्या घरी झाली. अंथरुणातून ती केंद्रातल्या मुलीला मजकूर सांगत होती: ज्यांच्या बागा जातील त्यांना किनाऱ्यापासून आत पर्यायी जमीन आणि रोपं आधी मिळावीत, वाळूचं काम त्यानंतर सुरू व्हावं. आबा रोज तिच्यासाठी पेज आणायचा आणि बंधाऱ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

“मी इचारू तेका?” मी म्हटलं.

“खबरदार! मी आजारी म्हणान दिलेलो ‘व्हय’ माका नको.”

“आणि मगेय नाय म्हणालो तर?”

“तर परत लिवा. तू मरेपर्यंत गाऱ्हाणा घाल. तसोय तुका दुसरो धंदो खंय आसा?”

गेल्या आठवड्यात माडीवर सगळे जमले. केंद्रातल्या मुलांना आधी सुमतीच्या फोटोला हार घालायचा होता. मी म्हटलं, आधी काम. निळं स्टूल मोकळं होतं. आबा आला, इकडेतिकडे बघून त्याच्यावरच टेकला. मनात म्हटलं, आता हा बहिणीच्या आठवणीने विरघळणार, ‘व्हय’ म्हणून टाकणार आणि ती वरून मला शिव्या घालणार! म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी गाऱ्हाणं कोरडं घातलं. हातवारे नाहीत, सूर नाही, सुमतीचं नावही नाही.

संपल्यावर आबाने चष्मा सारखा केला. “जमीन पयली, वाळू मगे. असाच लिवलेला आसा मां?”

केंद्रातल्या मुलीने वाक्य वाचून दाखवलं.

“आणि जमीन पाण्याची व्हयी. कातळार माड जगनत नाय.”

ती लिहू लागली. “परत वाच,” आबा म्हणाला. तिने वाचलं. बाजारात बांगड्याचे कल्ले उलटून बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं त्याने एकेक शब्द ऐकला.

मी डोळे मिटून घेतले. खिडकीकडून, त्या स्टुलावरून आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

आवाज खरो होतो, सुमती.