अंगठ्यावरची निळी शाई

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले तरी चैन पडत नाहीये, म्हणून कम्युनिटीवर लिहितेय.

आज भिवंडीत स्क्रॅपबुकच्या कागदांचं प्रदर्शन होतं. आमचे लूम आहेत, मी कापडाचे तागे तपासते. कागदातलं मला काही कळत नाही, पण ते मखमली, सोनेरी कागद बघून हरखूनच गेले.

एका स्टॉलवर निळ्या अक्षरांचा कागद होता. वाटलं, छापील डिझाइन असेल. सवयीने थुंकी लावून अंगठा घासला. रंग पक्का की कच्चा, आम्ही असंच बघतो.

रंग कच्चा निघाला.

स्टॉलवाल्या बाई खाली मान घालून दुसऱ्या कुणाचं सामान बांधत होत्या. तशाच म्हणाल्या, “ताई, ते पान विकायचं नाही हां. आईच्या हातची लोणच्याची कृती आहे. आई मागच्या वर्षी गेली.”

शाई लागलेला अंगठा मुठीत लपवला आणि रिक्षा करून सरळ घरी पळाले. आता दाराची बेल वाजली तरी दचकतेय.

प्रदर्शन उद्याही आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर कबूल करायला परत गेला असता का? कारण पुसलं गेलं ते नेमकं मिठाचं माप. ते आता त्यांना कोण सांगणार?