अल्पशा आजाराने

"‘संडास’ काढा, ताई. समोर पालक बसलेत."

मुख्याध्यापकांनी माझा कागद ओढून घेतला, लाल पेन उघडलं. माय जाऊन नऊ दिवस झाले होते. देवपुरातल्या त्यांच्या शाळेत तिने एकोणीस वर्षं संडास धुतले. शोकसभेत तिच्याविषयी मी बोलणार होते.

‘संडास धुतले’ खोडून त्यांनी लिहिलं, ‘स्वच्छता विभागात सेवा केली’. पुढे मी लिहिलं होतं की, तपासणीच्या आदल्या दिवशी डाग निघेनात, म्हणून याच सरांनी तिला ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड ओतायला लावलं. खिडकी खिळे मारून बंद होती. त्या वाफेने तिची छाती जळाली. हे सगळं खोडलं. वर तीन शब्द: ‘अल्पशा आजाराने निधन’.

"शिकलेल्या आहात तुम्ही. जरा सौम्य लिहायचं असतं."

पाच महिने ती खोकत होती. रात्री बसून काढायची. हातमोजे तर ती कितीतरी वर्षं मागत होती. घरी येऊन सांगायची, "सर म्हनतस, बघू." त्या शाळेत ‘नाही’ कोणी म्हणत नसे. ‘बघू’ म्हणत. तिला ‘मावशी’ म्हणत. मावशीला स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती.

लाल अक्षरांकडे बघताना मला माझंच बोलणं ऐकू आलं. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, आई काय करते? "शाळेत असते." त्या समजायच्या, शिक्षिका. मी समजू द्यायचे. एकदा त्यांच्यासोबत असताना शाळेच्या फाटकाशी माय दिसली, हातात बादली. मला बघून हसली.

"कोण गं?"

"ओळखीच्या आहेत."

मायने ऐकलं. पदर ओढून बाजूला झाली. घरी मला गरम भाकरी वाढली. मी माफी मागितली नाही. आता मागायला ती नाही.

सभेत मी खोडलेलं सगळं वाचलं. संडास. अ‍ॅसिड. खिळे. माइक बंद झाला.

"ताईंची मनःस्थिती ठीक नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

मागून एक बाई कुजबुजल्या, "कितीही शिकवा, यांची भाषा काही जात नाही."

मी माइकशिवाय शेवटपर्यंत वाचलं.

उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. अ‍ॅसिड कोणी ओतायला लावलं, ते नावानिशी लिहून देईन. तिथेही कोणी सौम्य करा म्हणालं, तर त्याचंही नाव लिहीन.