चेहरा बघा

"ठोसा बघू नका, चेहरा बघा," असं म्हणून तो रिमोट दाबायचा आणि टीव्हीवरचं चित्र जागच्या जागी थांबायचं.

समोरच्या फ्लॅटमधला हा माणूस मला कधीच आवडला नाही. वालीवच्या कारखान्यातून रिटायर झालेला. बॉक्सिंगचा एक जुना, काळा-पांढरा विलायती सिनेमा त्याच्याकडे होता. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून तोच दाखवायचा. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा.

मी चौथी शिकलेली. जन्मभर पाचूबंदरला मासळी विकली, मारामाऱ्या फुकट बघितल्या. पण खोटं कशाला बोलू, सिनेमा चांगला होता. हरत आलेला बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. एक डोळा सुजून बंद. गर्दीचा आवाज एकदम जातो आणि नुसता त्याचा श्वास ऐकू येतो.

"काकी, गालावरची ती सावली बघा. मार काय, कोणीही दाखवेल. मार खाल्लेला माणूस दाखवायला कलावंत लागतो."

हे बोलताना त्याचे डोळे भरून यायचे.

चहा त्याची बायको आणायची. डोक्यावरून पदर, डाव्या बाजूला जास्तच ओढलेला. कोणी विचारलं तर "दार लागलं" म्हणायची. मग आम्ही सगळे परत टीव्हीकडे बघायचो. मीसुद्धा तीन रविवार तो चहा पिऊन घरी आले.

चौथ्या रविवारी त्याने स्टुलावरच्या त्या चेहऱ्यापाशीच सिनेमा थांबवला. ती ट्रे घेऊन आली. मी उठले, ट्रे खाली ठेवला आणि तिचा पदर मागे सारला. डोळा तसाच, सुजून बंद.

"भाऊ, चेहरा बघा म्हनता ना? मग हा बघा. हा कोनी केला?"

"काकी, सिनेमा चालू आहे."

"थांबलाय. तुमीच थांबवलाय."

मी तिला म्हटलं, "पोरी, पिशवी भर."

"कपडे ओले आहेत अजून."

"ओलेच घे."

नंदाखालला तिच्या भावाच्या दारात सोडून आले. ती परत आली नाही.

आता त्याच्याकडे कोणी जात नाही. वाऱ्यासाठी तो दार उघडं ठेवतो, म्हणून मला माझ्या उंबऱ्यावरून दिसतं. रविवारी अजून तोच सिनेमा लावतो. बॉक्सर स्टुलाकडे यायला लागला की रिमोट उचलतो आणि चित्र पुढे पळवतो.