विटेचा नंबर

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या आमच्या नव्या वसाहतीत टँकर कधी येईल याचा नेम नसे. कामधंदा सोडून तोवर उभं कोण राहणार? म्हणून शेजारच्या बांधकामावरची वीट आणून रांगेत ठेवायची. वीट म्हणजे माणूस, हे सगळ्यांनी मानलेलं.

माझ्यापुढे रोज एक बाई असे. गळ्यात काळ्या दोऱ्यातला लाकडी क्रूस, कडेवर रिकामा हंडा. नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी टँकर आला आणि तिच्या पुढची वीट एका तरुणानं लाथेनं उडवली. ती तापानं पडलेल्या म्हातारीची होती.

"इटंला काय तहान लागती व्हय?" तो ओरडला. कुणीतरी त्याची गचांडी धरली. मी कॉलेजात कविता शिकवतो. कवी सरळ का बोलत नाही, एका गोष्टीला दुसरीच का म्हणतो, असं पोरं दरवर्षी विचारतात. तोच प्रश्न आज लाथ घेऊन आला होता.

बाईनं वीट उचलली, पदरानं पुसली, जागेवर ठेवली.

"रविवारी चर्चमधी आमच्या हातावर भाकरीचा तुकडा देत्यात, येशूचं शरीर म्हणून. भाकर भाकरच ऱ्हाती, मला बी कळतं. पर तिला लाथ मारवंल का तुला?"

तो रांगेतून बाजूला सरला.

म्हातारीच्या विटेच्या नंबरावर तिनं आपला हंडा भरला आणि तिचा स्वतःचा नंबर यायच्या आत टँकर संपला. भरला हंडा घेऊन ती सरळ म्हातारीच्या दाराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तो तरुण आला, आणि बसलेल्या माणसाला घालावा तसा विटेला वळसा घालून मागे जाऊन उभा राहिला.