वडिलांची भाषा, शेहेचाळिसाव्या वर्षी

फुमीए लाउ शेहेचाळीस वर्षांची झाली त्याच महिन्यात तिच्या वडिलांना स्ट्रोक आला आणि त्यांचं सगळं इंग्लिश पुसलं गेलं. उरली फक्त त्यांची मातृभाषा कँटनीज, आणि नेमकी तीच तिला येत नव्हती.

आई नागासाकीची. तिने लेकीला जपानी शिकवली, लंडनमधल्या शनिवारच्या जपानी शाळेत घातलं. तिथली मुलं आडनाव ऐकून म्हणायची, "तू तर चिनी!" वडील हाँगकाँगचे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी आजीच्या भावाला नेलं, तो परत आलाच नाही. मुलाने जपानी बायको केल्याचं कळल्यावर आजीने निरोप धाडला, "तिच्या लेकरांच्या तोंडी आपली भाषा घालू नकोस." वडिलांनी तो हुकूम मुकाट्याने पाळला. आजी एकदाच लंडनला आली, तेव्हा सात वर्षांची फुमीए तासभर तिच्या खुर्चीमागे उभी राहून न कळणारं बोलणं ऐकत होती. आजीने मागे वळून पाहिलं नाही.

"आता या वयात शिकून काय होणार?" ईलिंगच्या फार्मसीत काउंटरमागे तिने शाल्मलीला विचारलं. शाल्मली पुण्याची, तिच्या शेजारीच काम करायची.

"माझी स्वराली 'माझा आई' म्हणते. चुकते, पण बोलते ना माझ्याशी! तू जा कँटनीजच्या क्लासला."

फुमीए गेली. महिन्याभराने पिनरच्या केअर होममध्ये तिने धीर करून विचारलं, "पा, सिक् चो फान् मेइ?" बाबा, जेवलात का?

वडिलांनी चमचा खाली ठेवला. मग कित्येक महिन्यांनी हसले. 'फान्'चा सूर चुकला होता, आणि कँटनीजमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो. हात पलंगाकडे नेत त्यांनी दाखवलं: खाली, अजून खाली. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा हात. समोरचं सूप गार झालं, तरी दोघं थांबले नाहीत.

मग तिचं मनगट धरून ते बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. तिला एकच शब्द कळला, 'आई'. त्यांची की तिची, ते कळलं नाही. तिने नुसती मान हलवली.

थंडी पडायच्या आत ते गेले.

त्यानंतर क्लासच्या बाईंनी एकदा सहज विचारलं, "घरी कोणाशी बोलतेस?"

"कोणाशीच नाही," फुमीए कँटनीजमध्ये म्हणाली, आणि तिने पुढच्या टर्मसाठी नाव दिलं.