ओसरीतली झोळी

तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. वाईत घाटामागच्या गल्लीत मी पाळणाघर काढायचं ठरवलं आणि सगळी गल्ली माझ्यावर उलटली. जुन्या गल्लीचं रूप बिघडेल म्हणे! मी कौलं कबूल केली, दगडी जोतं कबूल केलं, तरी नकारच. खरं दुखणं मी कडेगावचा, बाहेरचा, हे होतं. तो सल अजून जात नाही.

नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले, त्या दिवशी ती समोरच्या काकांकडे कामाला आली होती, ओसरीत भांडी घासत होती. तिचं पोर झोळीत होतं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती झोका देत होती. काका साहेबांना सांगत होते, "पोरांच्या कलकलाटानं गल्लीची शान जाईल."

माझा आवाज चढणार, तेवढ्यात मान वर न करता ती म्हणाली, "आवं काका, ह्या गल्लीत पोरं कवा जन्मलीच न्हाईत व्हय?"

आतून काकांची सून खळखळून हसली. साहेबही हसले आणि कौलांच्या अटीवर काकांची हरकत तिथंच निकालात काढली.

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "ताई, पहिला पाळणा तुमच्या पोराचा!"

"मग बिगीबिगी बांधा," ती म्हणाली. "पोरगं मोठं व्हायचं थांबतंय व्हय?"